‘राज्य’ आणि ‘केंद्रशासित प्रदेश’ यांतील अंतर

जम्मू-काश्मीर विधानसभेची निवडणूक तब्बल दहा वर्षांच्या खंडानंतर २०२४ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पार पडली. १६ ऑक्टोबर रोजी ओमर अब्दुल्ला यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. दुसऱ्याच दिवशी नव्या मंत्रिमंडळाने जम्मू-काश्मीरला राज्याचा दर्जा पूर्ववत बहाल करावा, अशी केंद्राला विनंती करणारा ठराव संमत केला. हेच ओमर अब्दुल्ला २००९ ते २०१५ या काळात याच भूभागाचे मुख्यमंत्री होते. पद तेच, शपथ घेणारी व्यक्तीही तीच; पण पूर्वी ते एका राज्याचे मुख्यमंत्री होते आणि आता एका केंद्रशासित प्रदेशाचे. नव्या सरकारला पहिल्याच दिवशी हा फरक दूर करण्याची निकड वाटली, यावरून त्याचे वजन लक्षात यावे.

वृत्तपत्रांच्या रोजच्या भाषेत हे दोन शब्द इतके रुळले आहेत की त्यांच्याकडे कोणी थांबून पाहत नाही. शालेय पुस्तकांत राज्ये अठ्ठावीस आणि केंद्रशासित प्रदेश आठ, अशी यादी पाठ करून घेतली जाते. विद्यार्थ्यांच्या मनात समज राहतो तो एवढाच की, मोठी ती राज्ये आणि लहान ते केंद्रशासित प्रदेश. वस्तुतः आकाराचा आणि या दर्जाचा संबंध अगदी सैल आहे. २०११ च्या जनगणनेनुसार दिल्लीची लोकसंख्या सुमारे १ कोटी ६८ लाख होती आणि गोव्याची सुमारे साडेचौदा लाख. तरीही गोवा राज्य आहे आणि दिल्ली नाही. सहा लाखांच्या आसपास वस्तीचे सिक्कीम राज्य आहे, तर त्याच्या दुप्पट लोकसंख्येचे पुदुच्चेरी केंद्रशासित प्रदेश आहे.

नावावरूनही बोध होण्याऐवजी घोटाळाच अधिक होतो. हिमाचल, अरुणाचल, मध्य, उत्तर आणि आंध्र यांच्या नावांपुढे ‘प्रदेश’ हा शब्द असला तरी ती सारी राज्ये आहेत. राज्यघटनेच्या मराठी अनुवादात ‘संघ राज्यक्षेत्र’ असा शब्द योजिलेला आहे. पण तो व्यवहारात रुजला नाही. रुजला तो ‘केंद्रशासित प्रदेश’. लोकांच्या तोंडी बसलेला हा शब्द कायद्याच्या शब्दापेक्षा अधिक स्पष्टवक्ता आहे, असे म्हणावे लागेल. शासन कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर त्या शब्दातच आहे.

ब्रिटिश वारसा

या विभागणीचे मूळ ब्रिटिश अमदानीत आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात गव्हर्नरांचे प्रांत आणि चीफ कमिशनरांचे प्रांत असे दोन प्रकार होते. मुंबई, मद्रास, बंगाल हे पहिल्या प्रकारातले. दिल्ली, अजमेर, कूर्ग हे दुसऱ्या प्रकारातले. दुसऱ्या प्रकारच्या प्रांतांवर केंद्राचा थेट अंमल चाले. १९५० मध्ये राज्यघटना अमलात आली तेव्हा हीच रचना काही फेरफारांसह पुढे आली. पूर्वीचे गव्हर्नरांचे प्रांत ‘अ’ वर्गात गेले, मोठी संस्थाने आणि संस्थानांचे संघ ‘ब’ वर्गात, तर चीफ कमिशनरांचे प्रांत आणि काही लहान संस्थाने ‘क’ वर्गात. अंदमान-निकोबार बेटे एकटीच ‘ड’ वर्गात राहिली. म्हणजे ‘ड’ वर्ग वगळता तोवर राज्ये सगळीच होती. मात्र त्यांत उच्च-नीच श्रेणी होत्या.

फाजल अली, हृदयनाथ कुंझरू आणि सरदार पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ च्या अहवालात या श्रेणी मोडून काढाव्यात, अशी शिफारस केली. घटक राज्यांचा दर्जा समान असावा आणि ज्या मोजक्या भूभागांचा कारभार केंद्राकडे ठेवणे अपरिहार्य आहे तेवढेच वेगळे ठेवावेत, हा त्यामागील विचार होता. आयोगाच्या मते असे भूभाग तीनच होते : दिल्ली, मणिपूर आणि अंदमान-निकोबार. त्यानंतर झालेल्या सातव्या घटनादुरुस्तीने १ नोव्हेंबर १९५६ पासून चौदा राज्ये आणि सहा केंद्रशासित प्रदेश अस्तित्वात आले. केंद्रशासित प्रदेश हा अपवाद असेल, नियम नव्हे, ही या व्यवस्थेमागील मूळ भूमिका होती.

मुंबईवरील टांगती तलवार

महाराष्ट्राला हा शब्द ओळखीचा झाला तो याच काळात, आणि अत्यंत कटु रीतीने. १६ जानेवारी १९५६ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी आकाशवाणीवरून मुंबई शहर केंद्रशासित राहील, असे जाहीर केले. महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये आणि त्यांच्यामध्ये केंद्राच्या अखत्यारीतील मुंबई, अशी ती योजना होती. पुढचे काही दिवस मुंबईत जो उद्रेक झाला आणि त्यावर जो गोळीबार झाला, त्याच्या स्मृती हुतात्मा चौकात आजही उभ्या आहेत. अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी याच प्रश्नावर मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

त्या वेळी मुंबईकरांचे रस्ते, पाणी वा गिरण्या कोणी काढून घेणार नव्हते. उलट केंद्राच्या थेट देखरेखीखाली शहराचा कारभार अधिक निःपक्ष राहील, असाच त्या बाजूचा युक्तिवाद होता. तरीही गिरणगावातील कामगारापासून विद्यापीठातील प्राध्यापकापर्यंत सर्वांना ही योजना अपमानास्पद वाटली. आपल्या शहराचा कारभार आपल्या मतावर निवडून न आलेल्या अधिकाऱ्याच्या हाती जाईल, हे त्यांनी अचूक ओळखले होते. ऑगस्ट १९५६ मध्ये ती योजना मागे पडली, द्वैभाषिक मुंबई राज्य आले आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. म्हणून या दोन शब्दांतील फरक मराठी वाचकाला घटनेच्या पुस्तकातून शिकावा लागत नाही.

अधिकाराचा उगम

तथापि घटनेचे पुस्तक काय सांगते, हेही पाहिले पाहिजे. राज्याच्या विधिमंडळाला आणि सरकारला जे अधिकार आहेत ते थेट राज्यघटनेतून आलेले आहेत. पोलीस, जमीन, शेती, सार्वजनिक आरोग्य हे विषय राज्यसूचीत आहेत आणि त्यांवर कायदा करण्याचा अधिकार सर्वसाधारण परिस्थितीत राज्याचा आहे. संसदेला वाटले म्हणून साध्या कायद्याने तो काढून घेता येत नाही. केंद्रशासित प्रदेशाची स्थिती निराळी आहे. कलम २३९ नुसार त्याचा कारभार राष्ट्रपती, म्हणजे प्रत्यक्षात केंद्र सरकार, आपण नेमलेल्या प्रशासकामार्फत चालविते. कलम २४६ च्या चौथ्या खंडानुसार संसद त्या प्रदेशासाठी राज्यसूचीतील विषयांवरही कायदा करू शकते. तेथे विधानसभा असली तरी संसदेचा हा अधिकार अबाधित राहतो.

राज्यपाल आणि नायब राज्यपाल या दोन पदांतही हेच अंतर आहे. दोघांचीही नियुक्ती राष्ट्रपती करतात, दोघांच्याही भाषणाने अधिवेशनाचा प्रारंभ होतो. पण राज्यपालाने मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागावे, हा नियम आहे आणि स्वेच्छाधिकार हा अपवाद. केंद्रशासित प्रदेशात नायब राज्यपालाचे मंत्रिमंडळाशी मतभेद झाले तर त्याला ते प्रकरण राष्ट्रपतींकडे पाठविता येते आणि अंतिम शब्द केंद्राचा ठरतो. एकाच्या बाबतीत जो वाद घटनात्मक पेच समजला जातो, तोच दुसऱ्याच्या बाबतीत नेहमीचा कारभार असतो. पुदुच्चेरीत २०१६ ते २०२१ या काळात मुख्यमंत्री व्ही. नारायणसामी आणि नायब राज्यपाल किरण बेदी यांच्यात जो संघर्ष झाला, तो दोन व्यक्तींच्या स्वभावाचा जेवढा होता त्याहून अधिक या रचनेचा होता.

दिल्लीचा इतिहास तर या अस्थिरतेचा नमुनाच आहे. ‘क’ वर्गातील राज्य म्हणून दिल्लीला १९५२ मध्ये विधानसभा मिळाली आणि चौधरी ब्रह्मप्रकाश पहिले मुख्यमंत्री झाले. १९५६ मध्ये दिल्ली केंद्रशासित होताच ती विधानसभा संपुष्टात आली. ती परत येण्यासाठी ६९ वी घटनादुरुस्ती आणि १९९३ ची निवडणूक उजाडावी लागली. तेव्हाही पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि जमीन हे तीन विषय केंद्राकडेच राहिले.

पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, या तीन विषयांखेरीज नायब राज्यपालाने सरकारच्या सल्ल्यानुसार चालावे, असे सांगितले. २०२१ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त करून दिल्लीच्या विधानसभेने केलेल्या कायद्यांत ‘सरकार’ या शब्दाचा अर्थ ‘नायब राज्यपाल’ असा राहील, असे ठरविले. ११ मे २०२३ रोजी न्यायालयाने अधिकाऱ्यांच्या नेमणुका-बदल्यांचा अधिकार दिल्ली सरकारला दिला. त्यानंतर आठच दिवसांनी, १९ मे रोजी, केंद्राने वटहुकूम काढला आणि ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला. न्यायालयात मिळालेला अधिकार संसदेतील साध्या बहुमताने निष्प्रभ होऊ शकतो, हे केंद्रशासित प्रदेशाचे वास्तव आहे. सत्तेवर कोणता पक्ष आहे, यावर ते अवलंबून नाही.

पैशाचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. दर पाच वर्षांनी नेमला जाणारा वित्त आयोग केंद्रीय करांचा वाटा राज्यांमध्ये वाटून देतो. केंद्रशासित प्रदेशांना या वाटपात स्थान नाही; त्यांना केंद्राच्या अंदाजपत्रकातून अनुदान मिळते. जम्मू-काश्मीर राज्य राहिले नाही म्हणून पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांचा एकत्रित वाटा ४२ टक्क्यांवरून ४१ टक्क्यांवर आणला. रकमेत फार फरक पडत नसेलही. पण वाटा हा हक्क असतो आणि अनुदान हे देणाऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असते.

एकाच दिशेचा प्रवास

असे असूनही केंद्रशासित प्रदेशाचा दर्जा लोकांनी दीर्घकाळ सहन केला, प्रसंगी तो मागूनही घेतला. याचे कारण, तो राज्याच्या वाटेवरचा मुक्काम मानला जात होता आणि अनुभवही तसाच होता. हिमाचल प्रदेश पंजाबात विलीन करावा, असे पुनर्रचना आयोगाच्या बहुमताचे म्हणणे होते. अध्यक्ष फाजल अली यांनी मात्र वेगळे मत नोंदविले. हिमाचल केंद्रशासित राहिले आणि २५ जानेवारी १९७१ रोजी राज्य झाले. २१ जानेवारी १९७२ रोजी मणिपूर आणि त्रिपुरा राज्ये झाली. त्याच वर्षी केंद्रशासित झालेले मिझोराम आणि अरुणाचल प्रदेश २० फेब्रुवारी १९८७ रोजी राज्ये झाली.

या मालिकेतील शेवटचा टप्पा गोव्याचा होता आणि तो मराठी वाचकाच्या सर्वांत जवळचा आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झालेला गोवा, दमण आणि दीवसह केंद्रशासित प्रदेश बनला. महाराष्ट्रात विलीनीकरण हे ध्येय घेऊन महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला आणि दयानंद बांदोडकर पहिले मुख्यमंत्री झाले. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल घेण्यात आला. विलीनीकरणासाठी ‘फूल’ आणि केंद्रशासित प्रदेश राहण्यासाठी ‘दोन पाने’ अशी चिन्हे होती. दोन पानांना १ लाख ७२ हजार १९१ आणि फुलाला १ लाख ३८ हजार १७० मते पडली. ३४ हजार २१ मतांच्या फरकाने गोवा वेगळा राहिला.

या कौलातील एक गोष्ट अनेकदा दुर्लक्षिली जाते. मतदारासमोर पर्याय दोनच होते; स्वतंत्र राज्य हा पर्याय मतपत्रिकेवर नव्हता. गोमंतकीयांनी केंद्रशासित प्रदेश निवडला तो केंद्राचे शासन हवे होते म्हणून नव्हे. आपली ओळख टिकविण्याचा तो तेव्हा उपलब्ध असलेला मार्ग होता. राज्य होण्यासाठी पुढे आणखी वीस वर्षे जावी लागली. ३० मे १९८७ रोजी गोवा देशाचे पंचविसावे राज्य झाले आणि दमण व दीव केंद्रशासितच राहिले. काल-परवापर्यंत एकत्र नांदलेल्या भूभागांपैकी एकाचे राज्य झाले आणि दुसऱ्यांच्या वाट्याला साधी विधानसभाही उरली नाही.

२०१९ : उलट दिशेने

स्वतंत्र भारतात पुनर्रचनेनंतरची सहा दशके हा प्रवास केंद्रशासित प्रदेशाकडून राज्याकडे असाच होत गेला. ५ आणि ६ ऑगस्ट २०१९ रोजी संसदेच्या दोन्ही सभागृहांनी जम्मू-काश्मीर पुनर्रचना विधेयक संमत केले आणि एक संपूर्ण राज्य प्रथमच दोन केंद्रशासित प्रदेशांत रूपांतरित झाले. ३१ ऑक्टोबर २०१९ पासून जम्मू-काश्मीर विधानसभेसह आणि लडाख विधानसभेविना, अशी विभागणी अमलात आली. कलम ३७० विषयीच्या वादाचा गदारोळ इतका मोठा होता की, दर्जाच्या या बदलाकडे देशाचे पुरेसे लक्षच गेले नाही. वस्तुतः हे दोन प्रश्न स्वतंत्र आहेत. कलम ३७० रद्द करूनही जम्मू-काश्मीर हे इतर राज्यांसारखे एक राज्य राहू शकत होते. किंबहुना इतर राज्यांशी समानता हाच त्या निर्णयामागील हेतू सांगण्यात आला होता.

राज्याच्या सीमा वा नाव बदलणारे विधेयक मांडण्यापूर्वी त्या राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवावे, असे राज्यघटनेचे कलम ३ सांगते. हे मत संसदेवर बंधनकारक नाही. मुंबईच्याच प्रकरणात, बाबूलाल पराते विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये ते स्पष्ट केले होते. विधिमंडळाकडे पाठविलेल्या विधेयकात केंद्रशासित मुंबईची तरतूद होती आणि संसदेने संमत केले ते द्वैभाषिक राज्य. तरीही पुन्हा मत मागविण्याची गरज नाही, असा तो निकाल होता. बंधनकारक नसले तरी मत विचारले जाणे हा राज्याचा मान आहे. २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरची विधानसभा विसर्जित झालेली होती, राष्ट्रपती राजवट लागू होती आणि विधिमंडळाच्या वतीने संसदेनेच ते मत व्यक्त केले. केंद्रशासित प्रदेशाला तर हा मानही नाही. कलम ३ मधील ‘राज्य’ या शब्दात अन्यत्र केंद्रशासित प्रदेशाचा समावेश होत असला तरी मत मागविण्याच्या तरतुदीत तो होत नाही, असे घटनेतच स्पष्टपणे नमूद आहे.

सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ११ डिसेंबर २०२३ रोजी कलम ३७० विषयीचा निर्णय वैध ठरविला. लडाख वेगळा करून त्याचा केंद्रशासित प्रदेश करणेही न्यायालयाने ग्राह्य धरले. परंतु उरलेल्या जम्मू-काश्मीर राज्याचा केंद्रशासित प्रदेश करणे घटनेला धरून होते का, या प्रश्नाचे उत्तर न्यायालयाने दिले नाही. राज्याचा दर्जा परत दिला जाईल, असे आश्वासन सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनी न्यायालयात दिले होते. त्याचा आधार घेऊन तो प्रश्न खुला ठेवण्यात आला. ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत निवडणुका घ्याव्यात, असा आदेश दिला गेला. राज्याचा दर्जा मात्र ‘लवकरात लवकर’ द्यावा, एवढेच म्हटले गेले. न्या. संजीव खन्ना यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात, राज्याचे केंद्रशासित प्रदेशात रूपांतर केल्याने नागरिक निर्वाचित राज्य सरकारला मुकतात आणि संघराज्य तत्त्वाला बाधा येते, म्हणून त्यासाठी अत्यंत सबळ कारणे असली पाहिजेत, असे नमूद केले.

निवडणुकीला तारीख होती, म्हणून ती झाली. दर्जाला तारीख नव्हती. निवडणुकीस एक वर्ष उलटून गेल्यावर, ऑक्टोबर २०२५ मध्येही, या विषयावरील याचिका न्यायालयात प्रलंबित होत्या. दरम्यान निवडून आलेल्या सरकारच्या हाती काय होते? पुनर्रचना कायद्यानुसार पोलीस आणि सार्वजनिक सुव्यवस्था हे विषय विधानसभेच्या कक्षेबाहेर. अखिल भारतीय सेवांतील अधिकारी आणि भ्रष्टाचारविरोधी यंत्रणा हे नायब राज्यपालांच्या स्वेच्छाधिकारात. निवडणुकीच्या तोंडावर, जुलै २०२४ मध्ये, कामकाजाच्या नियमांत बदल करून नायब राज्यपालांचे अधिकार आणखी वाढविण्यात आले. मतदारांना उत्तरे द्यायची मुख्यमंत्र्यांनी आणि निर्णय घ्यायचे अन्यत्र, अशी ही विभागणी आहे.

लडाखची कथा गोव्याच्या कथेची आठवण करून देणारी आहे. काश्मीरपासून वेगळे होणे ही लेहमधील जनतेची जुनी मागणी होती आणि २०१९ मध्ये तेथे आनंद साजरा झाला. पण विधानसभा गेली, आणि जमीन व नोकऱ्यांच्या संरक्षणाचा प्रश्न उभा राहिला. बौद्धबहुल लेह आणि मुस्लिमबहुल कारगिल यांचे पूर्वी फारसे जमत नसे. त्या दोहोंनी एकत्र येऊन राज्याचा दर्जा आणि सहाव्या अनुसूचीचे संरक्षण यांची मागणी केली. २४ सप्टेंबर २०२५ रोजी लेहमध्ये या आंदोलनाला हिंसक वळण लागून चार जणांचा मृत्यू झाला. आपला वेगळा प्रदेश आणि आपले शासन या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे लडाखला सहा वर्षांत कळून चुकले.

सुरक्षेचा युक्तिवाद

केंद्रशासित प्रदेश ही संकल्पनाच चुकीची आहे, असे म्हणता येणार नाही. चौसष्ट हजार वस्तीच्या लक्षद्वीपला राज्याचा डोलारा पेलणे कठीण आहे. अंदमान-निकोबारचे सामरिक महत्त्व उघड आहे. पंजाब आणि हरियाणा या दोघांची राजधानी असलेल्या चंडीगडचा तिढा १९६६ पासून सुटलेला नाही. राष्ट्राच्या राजधानीवर केंद्राचे काही नियंत्रण असावे, हेही अनेक देशांत मान्य झालेले तत्त्व आहे. जम्मू-काश्मीरबाबत सीमा आणि दहशतवाद ही कारणे दिली जातात. एप्रिल २०२५ मधील पहलगाम हल्ल्यानंतर ती अधिक ठामपणे मांडली गेली, आणि ती हलकी लेखण्यासारखी मुळीच नाहीत.

परंतु या देशाने सीमेवरील अशांत प्रदेश यापूर्वीही हाताळलेले आहेत. मिझोराममध्ये वीस वर्षे सशस्त्र बंड चालले होते. ३० जून १९८६ च्या मिझो करारात राज्याचा दर्जा हा शांततेचा एक भाग होता. बंडखोरांचे नेते लालडेंगा मुख्यमंत्री झाले, पुढच्याच वर्षी मिझोराम राज्य झाले आणि ती शांतता टिकली. चीनचा दावा असलेल्या अरुणाचल प्रदेशालाही त्याच दिवशी राज्याचा दर्जा देण्यात आला. प्रत्येक प्रदेशाची परिस्थिती वेगळी असते हे खरे. तरीही अशांतता आहे म्हणून दर्जा रोखणे हाच एकमेव मार्ग आहे, असे भारताचा स्वतःचा अनुभव सांगत नाही.

मुदत नसलेली तरतूद

या सर्व चर्चेत एक तुलना उपयोगी ठरेल. राज्यात घटनात्मक यंत्रणा कोलमडली तर कलम ३५६ खाली राष्ट्रपती राजवट लावता येते. या कलमाचा पूर्वी सढळ गैरवापर झाला, म्हणून त्याला हळूहळू लगाम घातले गेले. संसदेची मंजुरी दोन महिन्यांत घ्यावी लागते. ती सहा-सहा महिन्यांनी वाढवावी लागते. एका वर्षानंतर विशिष्ट परिस्थितीतच ती चालू ठेवता येते आणि घटनादुरुस्तीवाचून तीन वर्षांची मर्यादा ओलांडता येत नाही. १९९४ च्या एस. आर. बोम्मई खटल्यातील निकालाने तिला न्यायालयीन तपासणीचेही बंधन आले.

राज्याचे केंद्रशासित प्रदेशात रूपांतर करण्याला मात्र यांपैकी कोणतेच बंधन नाही. ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी जम्मू-काश्मीरमधील कलम ३५६ खालील राजवट संपली आणि त्याच दिवशी पुनर्रचना कायद्याच्या कलम ७३ खाली केंद्राचा अंमल सुरू झाला. तो ऑक्टोबर २०२४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच वर्षे, विधानसभेविना चालला. राज्याच्या बाबतीत घटनेने तीन वर्षांवर आणून ठेवलेली मर्यादा शब्द बदलताच गळून पडली. हे एका प्रदेशात घडू शकते, तर कोणत्या घटनात्मक तरतुदीने ते अन्यत्र रोखले जाईल, याचे निश्चित उत्तर २०२३ च्या निकालात मिळालेले नाही. हा प्रश्न श्रीनगरइतकाच चेन्नई, कोलकाता आणि मुंबईचाही आहे. कोणत्याही पक्षाचे सरकार केंद्रात असो, असे अस्त्र हाताशी असणे आणि त्याला म्यान नसणे हे संघराज्याच्या प्रकृतीला मानवणारे नाही.

म्हणूनच जम्मू-काश्मीरला दर्जा केव्हा मिळेल, एवढ्यापुरता हा विषय मर्यादित राहू नये. एखाद्या राज्याचा दर्जा काढून घेता येतो का. येत असल्यास कोणत्या कारणांसाठी, त्याच्या विधिमंडळाला काय विचारून आणि किती काळासाठी, याचे नियम घटनेतच लिहिले गेले पाहिजेत. जे केंद्रशासित प्रदेश राज्य होऊ पाहतात त्यांच्यासाठीही काही निकष हवेत. पुदुच्चेरीच्या विधानसभेने वेळोवेळी ठराव करायचे आणि दिल्लीच्या दरबारात ते पडून राहायचे, हे किती काळ चालणार? निकष असले तर नकारही समजावून सांगता येतो. निकषांवाचून मिळालेला दर्जा ही मेहरबानी ठरते आणि निकषांवाचून दिलेला नकार हा अपमान वाटतो.

भारत हा राज्यांचा संघ असेल, असे राज्यघटनेचे पहिलेच कलम सांगते. घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘संघ’ हा शब्द का निवडला, हे सांगताना कोणत्याही राज्याला या संघातून फुटून जाण्याचा अधिकार नाही, यावर भर दिला होता. ती भूमिका आज सर्वमान्य आहे. राज्याने संघाबाहेर जाता कामा नये, हा या नात्यातील एक भाग झाला. संघानेही राज्याचे राज्यपण सहजासहजी काढून घेता कामा नये, हा त्याचाच दुसरा भाग आहे आणि तो लिहून ठेवण्याचे काम अद्याप बाकी आहे.